जुनी डवटेल जिग घ्यायची तर आधी तिची बोटं बघा

परभणीच्या एका तरुण मिस्त्रीचा प्रश्न आहे. वाळूज एमआयडीसीत एक फर्निचरचा कारखाना बंद होतोय आणि तिथे दोन डवटेल जिग विकायला काढल्यात. डवटेल जिग म्हणजे फळ्यांच्या टोकांना एकमेकांत अडकणाऱ्या तिरक्या शेपट्या आणि त्यांच्यामधल्या पिना राऊटरने (फिरत्या पात्याने लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राने) कापायचा साचा. एक १२ इंची, कुठल्याच कंपनीचा शिक्का नसलेली, साडेचार हजारांना. दुसरी ली (Leigh) कंपनीची जुनी डी-४, २४ इंची, अठ्ठावीस हजारांना. याला सागवानी कपाटांचे आणि ड्रेसिंग टेबलांचे खण करायचेत. हाताशी सध्या ट्रिमर, म्हणजे छोटा राऊटर आहे. कोणती घेऊ आणि जुन्या जिगमध्ये काय काय तपासू, असं तो विचारतो.

भाऊ, निकाल आधी देतो, कारणं मागून. तुम्ही सांगताय त्या कामाला १२ इंची पुरते. ती साडेचार हजारांची आहे की दोन हजारांची, हे मात्र तिच्या टेम्प्लेटची, म्हणजे राऊटरला वाट दाखवणाऱ्या वरच्या खाचांच्या पट्टीची, बोटं बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. आणि नुसत्या ट्रिमरच्या भरवशावर दोन्हीपैकी एकही उचलू नका. जिग, गाईड बुश (राऊटरच्या बेसखाली बसणारी, बोटांना टेकून फिरणारी नळी), बिट (कापणारं पातं) आणि राऊटर असा चौघांचा हिशेब एकदमच मांडा. नाहीतर जिग माळ्यावर जाते. जुन्या बाजारात फिरणाऱ्या बऱ्याच जिग अशाच कुणाच्या तरी माळ्यावरून उतरलेल्या असतात.

त्याच्याही आधी एक विचारतो. खण भरीव लाकडाचेच करणार ना? प्लायचे करणार असाल तर जिगच्या नादी लागू नका. प्लायमध्ये डवटेल बिट घातला की वरचा पापुद्रा उचकटतो, आणि एवढं करून गिऱ्हाइकाला दिसतं ते चॅनेलच. १२ एमएमचा प्लाय, फेविकॉल आणि खिळे यांवर केलेला खण टेलिस्कोपिक चॅनेलवर वर्षानुवर्षं चालतो, त्यात कमीपणा काही नाही. डवटेलचं काम भरीव लाकडात. खण ओढताना सगळा ताण समोरच्या फळीवर येतो. बाजूच्या फळ्यांच्या तिरक्या शेपट्या त्या फळीला धरून ठेवतात, पुढेमागे फेविकॉल मेला तरी. पण कधीतरी एखादंच सागवानी कपाट येत असेल तर रेघ आखायचं गेज, बारीक दात्याची करवत आणि धारदार पटाशी बस झाली. जिग लावून, बिटची खोली जुळवून, रद्दी लाकडावर चाचणीचे कट काढेपर्यंत हाताने एक खण उभा राहतो. एकाच मापाचे खण ओळीने करायचे असतात तेव्हा जिग पैसे फेडते.

आता राऊटरकडे या, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्याकडच्या ट्रिमरचं कॉलेट, म्हणजे बिटचा दांडा धरणारी पकड, बहुधा ६ एमएमचं असतं. अमेरिकन पद्धतीच्या जिगसोबत येणारा बिट बऱ्याचदा पाव इंच दांड्याचा, म्हणजे ६.३५ एमएम. तो आत जात नाही. दांडा घासून बसवणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या शेजारी उभं राहू नका. उलटी बाजूही तितकीच वाईट. १२ एमएमचा दांडा अर्धा इंची, म्हणजे १२.७ च्या कॉलेटात नट कितीही आवळला तरी पक्का बसत नाही. तो चालू कटात खाली सरकला की खोली वाढते आणि अख्खा खण रद्दीत जातो. बिट निसटून उडाला तर काय, ते सांगायला नको. त्यातून सागवानात ९-१० एमएम खोल कट एका दमात घ्यायचा असतो. ट्रिमरचा तेवढा जीव नसतो.

बुशची गोम वेगळीच. साध्या १२ इंची जिगला बहुतेक वेळा ७/१६ इंचाचा, म्हणजे बाहेरून ११.१ एमएमचा गाईड बुश आणि १४ अंशांचा अर्धा इंची डवटेल बिट लागतो. बिटचं तोंड १२.७ एमएमचं आणि बुशचं भोक त्याहून लहान. म्हणून बुश आधी बेसला कसायचा आणि मग बिटचा दांडा खालून, बुशच्या भोकातून कॉलेटात घालायचा. १२ एमएमचा दांडा त्या भोकातून जातच नाही. म्हणजे राऊटर कितीही दांडगा असला तरी या कामाला ८ एमएमचा किंवा पाव इंची दांडाच लागणार, आणि मोठ्या कॉलेटात तो धरायला रिड्यूसर स्लीव्ह, म्हणजे मधे घालायची नळी. मकिटा ३६१२ सारखा १२ एमएमचा राऊटर जुन्यात चांगला मिळाला तर जरूर घ्या, पण स्लीव्ह आणि बुश धरायची प्लेट त्याच दिवशी विचारा. बुश बसवायची तऱ्हा कंपनीगणिक बदलते. कुठे दोन स्क्रू, कुठे फिरवून अडकवायचा, कुठे आट्यांची रिंग. एकाचा बुश दुसऱ्याला बसेल असं गृहीत धरू नका.

बुश मिळालाच नाही तर घाबरू नका. चिकलठाणा किंवा वाळूजमध्ये लेथवाला टर्नर पितळेचा बुश करून देतो. राऊटर प्रत्यक्ष घेऊन जा, तोंडी माप देऊ नका. आतलं भोक आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत काढायला सांगा. दोन्हींचा मध्य एक नसला तर राऊटर जरा फिरवून धरला की सांधा बदलतो, आणि तुम्ही उगाच जिगला शिव्या घालत बसाल. बुश, बिट चढवून झाल्यावर वायर काढून कॉलेट हाताने एक फेरा फिरवून बघा. बिट किंवा नट बुशला कुठे घासत नाही ना?

आता जिग. जाताना व्हर्नियर, स्टीलची पट्टी, गुण्या, बॅटरी, वहीचा एक कागद आणि त्याच जाडीच्या लाकडाचे चार तुकडे सोबत ठेवा. परदेशी मालाच्या पॅकिंग पेट्यांचं पाइन एमआयडीसीत सहज मिळतं, चाचणीला ते चांगलं. राऊटर घेऊन जाता आला तर फारच उत्तम.

टेम्प्लेट काढून हातात घ्या आणि आधी उलटी करा. विकणारा वरची बाजू पुसून दाखवतो, खरी हकीकत खालच्या कडेला असते. डवटेल बिट खाली रुंद आणि वर निमुळता. कट झाल्यावर बिट पूर्ण थांबायच्या आत कुणी राऊटर वर उचलला, की बिट लाकूड फाडत वर येतो आणि टेम्प्लेटचं बोट खालून खातो. त्याची खूण म्हणजे बोटाच्या कडेला चंद्रकोरीसारखी खाच, आतला धातू चकचकीत. बॅटरी तिरकी धरून प्रत्येक बोटाची कड बघा आणि नखाने चाचपा. फेनोलिकची, म्हणजे त्या तपकिरी कडक पत्र्याची टेम्प्लेट असेल तर खाचेच्या आजूबाजूला थर सुटलेत का तेही बघा. थर सुटले असतील तर ती टेम्प्लेट गेली.

प्रत्येक खाच घातक नसते. बुश गोल आहे, ११ एमएमचा. खाचेची रुंदी २ एमएम असेल तर तो तिच्यात जेमतेम ०.१ एमएम बुडतो, सांध्यात ते कळतही नाही. खाच ४ एमएम रुंद असली तर तोच बुश ०.३ एमएमच्या वर बुडतो, आणि त्या एका बोटाशी दरवेळी फट पडणार. अॅल्युमिनियमच्या टेम्प्लेटमध्ये अशी खाच एम-सील भरून, वाळल्यावर बारीक कानशीने सपाट करता येते. एखाद-दुसऱ्या बोटापुरतं हे ठीक. चार-पाच बोटांना खाचा दिसल्या तर जिग वापरणारा हात कसा होता ते समजा, आणि पुढचं सगळं दुप्पट बारकाईने बघा.

खाचेपेक्षा फसवी असते झीज, कारण ती डोळ्याला दिसत नाही. खण नेहमी डाव्या किंवा उजव्या स्टॉपला, म्हणजे फळी अडवायच्या टेकूला, टेकवून लावतात, म्हणून दोन्ही टोकांची बोटं जास्त झिजतात. १२ इंची जिगच्या मधोमध बुश क्वचितच पोचतो. तेव्हा मधलं बोट हेच जिगचं मूळ माप समजा. व्हर्नियरने आधी ते मोजा, मग टोकाची दोन-दोन बोटं, टोकाला आणि मुळाशीही. फरक ०.१ एमएमच्या आत असेल तर डोळे झाकून पुढे चला. ०.२ च्या वर गेला तर भाव पाडा किंवा सोडा.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे विकणाऱ्याच्या बोलण्यात येणार नाही. या जिगवर समोरची फळी आडवी आणि बाजूची फळी उभी, अर्ध्या पिचने (पिच म्हणजे एका बोटाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर) सरकवून, एकदमच लावतात. एकाच बिटने एकाच फेरीत पिना आणि शेपट्या दोन्ही निघतात. घट्ट-सैल जुळवायला हाती एकच गोष्ट असते, बिटची खोली. खोली वाढवली की सांधा घट्ट, कमी केली की सैल. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. बिट तिरका असल्यामुळे तो जितका खाली जातो तितकं फळीच्या पृष्ठभागाशी त्याचं माप लहान होतं, मग लाकूड जास्त उरतं. १४ अंशांच्या बिटला खोली ०.२ एमएम वाढवली की सांधा साधारण ०.१ एमएम घट्ट होतो. सगळी बोटं सारखी झिजली असतील तर खोली वाढवून भागतं. फक्त डावीकडची झिजली असतील तर डावा सांधा जुळवता जुळवता उजवा फुटायला येतो. खोली दोन्हीकडे एकच, त्यामुळे याला औषध नाही.

टेम्प्लेट काचेवर पालथी ठेवून चारी कोपरे दाबा. डुगडुगली तर वाकलीय. स्टीलच्या पातळ टेम्प्लेटचा बाक हाताने निघू शकतो, जाड अॅल्युमिनियमच्या वाटेला जाऊ नका.

पकडीच्या पट्ट्या तपासायला वहीचा कागद. फळी लावायच्या आधी पट्टीखाली डावीकडे, मधे आणि उजवीकडे कागदाच्या तीन पट्ट्या ठेवा, फळी आवळा आणि एकेक ओढा. मधली सहज निघाली तर रुंद फळी मधे हलणार, आणि कट चालू असताना हललेल्या फळीचा सांधा कुणालाच जुळवता येत नाही. पट्टीला खालून सॅण्डपेपर चिकटवून थोडीफार पकड वाढते. कॅमची, म्हणजे फिरवली की पट्टी दाबणारी, दांडी असेल तर ती दोन-तीनदा उघडबंद करा आणि कॅमच्या पिनेभोवती ओतीव भागाला केसाएवढा तडा गेलाय का बघा. तडा असेल तर सोडून द्या. नॉबचे आटे गेले असतील तर तेवढं बिघडत नाही, पण अमेरिकन जिगला पाव इंची, इंचाला २० आट्यांचे बोल्ट असतात. एम-६, म्हणजे ६ एमएमचा बोल्ट, दिसायला तसाच, दोन फेरे जातो आणि मग अडकतो. तिथे कुणी पाना लावून एम-६ ठोकला असेल तर भोक मोठं करून नवे आटे पाडावे लागतील. टर्नरकडचं काम, फार खर्चाचं नाही.

स्टॉप हरवलेले असले तरी चालतं. पितळी पट्टीचे करता येतात.

मग चाचणी. जागेवर राऊटर असेल तर कट काढल्याशिवाय पैसे देऊ नका. आधी उजवीकडून डावीकडे अगदी हलका एक हात फिरवा, म्हणजे समोरच्या कडेचे तूस निघत नाहीत. मग डावीकडून उजवीकडे प्रत्येक बोटात आतबाहेर. संपलं की बटण बंद, बिट थांबेपर्यंत राऊटर जागेवर, आणि मग अंगाकडे सरळ ओढून घ्यायचा. उचलायचा नाही. एक सांधा डाव्या स्टॉपवर आणि एक उजव्या स्टॉपवर काढा. सैल-घट्ट निघाला म्हणून जिग नाकारू नका, ते खोलीने जुळतं. शेपटी आत बुडाली किंवा बाहेर राहिली तरी चिंता नाही, टेम्प्लेट मागेपुढे केली की बसते. बघायचं ते एवढंच की डावा आणि उजवा सांधा एकसारखा आहे का, आणि एकाच सांध्यातली सगळी बोटं सारखी बसताहेत का. हाताने अर्धा बसून मोगरीच्या हलक्या ठोक्याने उरलेला गेला तर सांधा बरोबर. सुकाच मोगरीने ठोकून बसवावा लागला तर फेविकॉल लावल्यावर लाकूड फुगेल आणि तो बसणारच नाही.

बिट जुना मिळाला तर त्याला किंमत देऊ नका. सागवानात सिलिका असते, धार लवकर जाते. कार्बाइडचा नवा बिट घ्या, साध्या एचएसएसचा (हाय-स्पीड स्टीलचा) सागवानात टिकत नाही. मात्र जुना फेकूही नका, त्याच्यावरून कोन आणि व्यास कळतो. सगळ्या जिगला १४ अंश चालत नाहीत. पोर्टर-केबलच्या ४२०० मालिकेत हाफ-ब्लाइंडसाठी, म्हणजे खणाच्या समोरून न दिसणाऱ्या सांध्यासाठी, १७ अंशांचा बिट असतो. त्यांच्या टेम्प्लेटवर १४ चा लावला तर खोली जुळवता जुळवता दिवस जाईल. शिक्का नसलेल्या जिगला म्हणूनच सोबतचा बिट आणि बुश दोन्ही मागून घ्या, गंजलेले का असेनात.

आणखी एक, हे घेतल्यानंतरचं. अशा जिगची बोटं हलत नाहीत, म्हणून खणाची उंची जिगला विचारून ठरवावी लागते. एका बोटाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बऱ्याच जिगमध्ये ते ७/८ इंच, म्हणजे २२.२ एमएम निघतं. उंची त्याच्या पटीत धरली, ८९, १११, १३३ अशी, तर वर-खाली दोन्हीकडे सारखी अर्धी पिन येते. शंभर एमएमचा खण केला तर खालच्या कडेला शेपटीचा बारका तुकडा उरतो आणि तो पहिल्याच वर्षी निघतो. बाजूच्या फळ्यांची लांबी काढताना समोरच्या फळीत शिरणारे ९-१० एमएमही धरा. आणि चारही फळ्या एकाच वाळवणीच्या घ्या. किनवटचं सागवान असो की बल्लारशाचं, एक फळी ओली आणि एक सुकी असेल तर पावसाळ्यात जुळलेला सांधा आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पायरी दाखवतो. दोन्ही सारख्या सुकल्या असतील तर त्या उंचीत एकत्रच आकसतात, सांध्याला धक्का लागत नाही.

राहिली ली डी-४. कॅनडाची जिग, आणि जातिवंत. तिची बोटं सुटी असतात, दांड्यांवर सरकवून हवी तशी लावता येतात. म्हणून खणाची उंची तुम्ही ठरवता, पिना बारीक आणि शेपट्या रुंद ठेवून हाताने केल्यासारखा सांधा काढता येतो. दोन्हीकडून दिसणारा थ्रू डवटेलही होतो. त्यात शेपट्या डवटेल बिटने आणि पिना सरळ बिटने, वेगवेगळ्या काढायच्या. १४ अंश म्हणजे १:४ चा उतार, डोळ्याला जरा जास्तच तिरका. थ्रू सांध्याला जुने सुतार कठीण लाकडात १:८ धरतात, म्हणजे ७ अंशांच्या आसपास. ली कंपनीचा ८ अंशांचा बिट त्याच्या जवळ जातो. सागवानी पेटी, संदूक, उघड्या सांध्याचं काम मागणारं गिऱ्हाईक असेल तर हिच्यासारखी सोय नाही.

पण तुमच्या कामाला ती आत्ता नको, आणि कारण पैशाचं एकट्याचं नाही. तिच्यात सुट्या वस्तू फार. बोटांच्या जोड्या मोजा, प्रत्येक बोटाचा स्क्रू आवळतोय का बघा. त्याला चौकोनी टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो, कुणी फिलिप्स घालून डोकी खाल्ली असतील तर लगेच दिसतं. बोटं दांड्यावर अडखळत सरकत असतील तर आत सागाची भुकटी आणि डिंक साचलाय, तो रॉकेलने साफ होतो. दांडाच वाकला असेल तर नाही होत. दोन टोकांच्या मापपट्ट्या शाबूत हव्यात, कारण पिनांचं घट्ट-सैल त्यांच्यावर जुळतं. मॅन्युअल नसेल तर मॉडेलवरून नेटवर शोधून आधी वाचा आणि मगच बघायला जा. ही जिग मॅन्युअलशिवाय अंदाजाने चालत नाही.

भावाचं म्हणाल तर माझा साधा हिशेब असा. त्याच जातीची नवी जिग आज कितीला मिळते ते बघा आणि त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. त्यातून नवा बिट, बुश आणि जे हरवलंय ते करून घ्यायचा खर्च वजा करा. शिक्का नसलेल्या जिगचे सुटे भाग पुढे मिळत नाहीत, त्याचेही थोडे कापा. साडेचार हजार हा आकडा बोटं स्वच्छ असतील आणि बुश-बिट सोबत असतील तरच. नुसता सांगाडा असेल तर दोनच्या पुढे जाऊ नका, आणि कारखाना रिकामा करायचाय म्हटल्यावर तोही घासाघीस करणारच.

एक मात्र विसरू नका. दोन-दोन जिग वापरणाऱ्या कारखान्यात त्या चालवणारा राऊटरही असणार, बुश चढवलेला, स्लीव्ह बसवलेली. तो भंगारात किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायच्या आत जिगसोबत एकाच भावात मागा. तो मिळाला तर बुश खोलू नका, तसाच घरी आणा.